एगलेस म्हणजे दुधाविना नव्हे: घरचे व्हीगन केक आणि स्मूदी

धाकटीच्या तिसऱ्या वाढदिवसाला केक मी बाहेरून आणला होता. दुकानात दोनदा विचारलं, "यात दूध नाही ना?" काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, प्युअर व्हेज आहे, एगलेस." मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. दोन घास पोटात गेले आणि पंधरा मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. पाहुणे बटाटेवडे खात होते आणि आम्ही तिला घेऊन रिक्षातून डॉक्टरांकडे निघालो होतो. वेळेत पोचलो, ती बरी झाली. केकचा उरलेला डबा मी दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकला आणि त्यानंतर आमच्या घरात बाहेरचा केक आला नाही.

तिला दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी आहे. दूध पचत नाही म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांना दुधातली साखर पचत नसते, पोट बिघडतं, संपलं. हिचं तसं नाही, हिला चमचाभरही महागात पडतो. आणि बाजारातला एगलेस केक म्हणजे काय, तर अंडं काढून त्या जागी कन्डेन्स्ड मिल्क, दही नाही तर दूध पावडर घातलेली. अंडं गेलं, पण दूध दुप्पट आलं. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही दुधाला आडवा येत नाही, तो फक्त शाकाहाराचा. अलीकडे काही पाकिटांवर पान फुटलेलं हिरवं व्ही अक्षर दिसतं, ती व्हीगनची, म्हणजे दूध-मधासकट प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेल्या पदार्थाची, सरकारी खूण. ती असली तर ठीक. नसली तर घटकांची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, केसिनेट हे शब्द दिसले की पाकीट परत फळीवर. सगळ्यात मोठी फसगत ‘नॉन-डेअरी’ शब्दाची. केकवर फेटून लावायच्या कितीतरी नॉन-डेअरी क्रीममध्ये सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधाचंच प्रथिन.

तर गेली सहा वर्षं मी डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, अठ्ठावीस लिटरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, जवळजवळ दर रविवारी केक करते. मध्ये पुतण्या पुण्याला शिकायला गेला आणि व्हीगन होऊन घरी आला, त्यामुळे गिऱ्हाईक दोन झाली. त्याने आजीला समजावून सांगितलं, दूध नाही, तूप नाही, मध नाही. आमच्या सासूबाई सावंतवाडीकडच्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मगे खातंस काय रे?" थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "धोंडस खाशीत मा? धोंडसात दूध कोण घालता?"

व्हीगन हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी काढला. सासूबाईंच्या आजीचं धोंडस, म्हणजे कोकणातला काकडीचा केक, त्याच्याही आधीचं असणार. त्यांच्या त्या एका वाक्याने माझी वर्षभराची खटपट थांबली. तोवर मी नकला करत होते. लोण्याऐवजी मार्जरीन, दह्याऐवजी सोया दुधात व्हिनेगर, अंड्याऐवजी पाकिटातली पावडर, आणि हे सगळं घालून बटर स्पंज करायचा अट्टाहास. तो कधी रबरासारखा व्हायचा, कधी भुगा. मग कळलं की ज्या केकला दूध-अंडं मुळात लागतच नाही तोच केक करावा. तेलाचे केक, फळांच्या गराचे केक, रव्याचे केक. असे भरपूर आहेत, आणि ते कुणाची नक्कल नसल्यामुळे खाणाऱ्याला काही कमी आहे असं वाटतही नाही.

केक फुगतो कशाने

खायचा सोडा आणि आंबट, एवढंच आहे ते. सोड्याला लिंबू, व्हिनेगर किंवा संत्र्याचा रस भेटला की कार्बन डायऑक्साइड सुटतो. ते बुडबुडे पिठात अडकले आणि तेवढ्यात उष्णता लागून पीठ घट्ट झालं, की केक हलका होतो. हे बुडबुडे कुणासाठी थांबत नाहीत. आंबट घातल्या क्षणापासून घड्याळ सुरू. मी एकदा पीठ कालवून ठेवलं आणि सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवरून फोन आला, त्यात वीस मिनिटं गेली. केक निघाला तो भाकरीइतका उंच. तेव्हापासून नियम: ओव्हन आधी दहा-बारा मिनिटं तापवलेला, भांड्याला तेल लावून कागद घातलेला, आणि आंबट सगळ्यात शेवटी.

दुसरं, पीठ फेटायचं नाही. अंड्याचा केक फेटून फुगवतात, हा नाही. कोरडं एका भांड्यात, ओलं दुसऱ्या भांड्यात, मग एकत्र करून पळीने तीस-पस्तीस वेळा ढवळायचं. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. जास्त घोटलंत तर मैद्यातला चिकटपणा जागा होतो आणि केक चिवट होतो.

तिसरं भांड्याबद्दल. अंडं केकला आतून धरून ठेवतं. ते नसलं की मोठा केक मधोमध बसतो. म्हणून मी दहा इंची भांड्याच्या वाटेला जात नाही. सात इंचाचं एक, नाही तर सहा-सहा इंचांची दोन. पाहुणे जास्त असले तर दोन केक करा, एक मोठा नको.

आणि माप. माझा कप २४० मिलीचा आहे. वाटीने करायचं असेल तर आधी त्या वाटीत किती पाणी मावतं ते एकदा बघा. आमच्या घरातली आमटीची वाटी दीडशे मिलीची निघाली. वाटी लहान आणि सोडा मात्र पूर्ण चमचा असं झालं की केकला साबणाची चव येते. मी खाल्लाय तसला, शेजारणीलाही दिला होता. ती चांगली आहे, काही बोलली नाही.

रविवारचा चॉकलेट केक

परदेशात मंदीच्या आणि युद्धाच्या काळात, लोणी-अंडी मिळेनाशी झाली तेव्हा ह्या जातीचे केक घरोघर व्हायचे. आमच्याकडे तो धाकटीच्या हट्टापायी आला.

दीड कप मैदा (१९० ग्रॅम), पाऊण कप साखर (१५० ग्रॅम), पाव कप बिनसाखरेची कोको पावडर, एक छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ. हे सगळं एकत्र दोनदा चाळून घ्यायचं. कोकोच्या गुठळ्या चाळणीवरच बोटाने मोडा, नंतर त्या मोडत नाहीत. दुसऱ्या भांड्यात एक कप पाणी, एक तृतीयांश कप तेल, एक छोटा चमचा व्हॅनिला. पाण्याऐवजी गार झालेली कोरी कॉफी घातली तर चॉकलेटची चव खुलते. कॉफीची चव लागत नाही, पण मुलांसाठी मी पाणीच घेते.

तेल वास नसलेलं हवं, सूर्यफुलाचं वगैरे. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा केक मी केला होता, तो खाताना लसणीच्या चटणीची आठवण येत होती. खोबरेल तेल चवीला छान, पण ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. फ्रीजमध्ये ठेवलेला खोबरेल तेलाचा केक सुरीला दाद देत नाही.

आता ओलं कोरड्यात ओता, पळीने ढवळा. पीठ डोशाच्या पिठापेक्षा थोडं सैल असेल. घाबरून मैदा वाढवू नका. शेवटी मोठा चमचाभर पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला. घातल्याबरोबर पिठात फिकट रेघा उमटतात आणि जवळ कान नेला तर चुरचुर ऐकू येते. धाकटी ह्या एका क्षणासाठी स्टुलावर चढून उभी असते. चार-पाच वेळा गोल फिरवून लगेच भांड्यात ओता, भांडं ओट्यावर एकदाच हलकेच आपटा आणि १७५ अंशांवर पस्तीस मिनिटं ठेवा. पहिली पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही. मग विणायची सुई किंवा टूथपिक मधोमध खुपसून बघा. ओलं पीठ लागलं तर आणखी पाच मिनिटं, दोन-चार कोरडे कण लागले तर झाला.

बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं भांड्यातच राहू द्या. गरम असताना हा केक फार नाजूक असतो, घाईने उलटा केलात तर वरचा भाग एकीकडे आणि खालचा भांड्यात.

कणकेचा करायचा असेल तर निम्मा मैदा, निम्मी कणीक असं करा आणि दोन-तीन चमचे पाणी वाढवा, कणीक जास्त पाणी पिते. पूर्ण कणकेचाही होतो, पण तो चॉकलेट केक म्हणून मुलांसमोर ठेवू नका, चहाबरोबर मोठ्यांना द्या.

वाढदिवसाला वर काहीतरी लागतंच. दूध नसलेलं शंभर ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरायचं (यादी वाचून घ्या, काही डार्क चॉकलेटमध्येही दूध असतं). नारळाचं पहिलं दाट दूध सहा-सात मोठे चमचे, कडेने बुडबुडे दिसेपर्यंत गरम करून त्यावर ओतायचं. दोन मिनिटं हात लावायचा नाही, मग मधून कडेकडे सावकाश ढवळायचं. चकचकीत झालं की गार केकवर ओतायचं. केक कोमट असेल तर ते सगळं ताटलीत जमा होतं.

काळ्या पडलेल्या केळ्यांचा

आमच्याकडे केळी डझनाने येतात आणि बुधवारपर्यंत त्यातली तीन काळी पडतात. तीच घ्यायची. पिवळी धमक केळी ह्या केकला उपयोगाची नाहीत, त्यांना ना गोडी असते ना वास.

तीन मोठी केळी काट्याने कुस्करून साधारण कपभर गर होतो. त्यात १२० ग्रॅम गुळाची पावडर, एक तृतीयांश कप तेल, पाव कप पाणी आणि मोठा चमचाभर लिंबाचा रस घालून गूळ विरघळेपर्यंत ढवळा. कोल्हापुरी गूळ खडा आणत असाल तर किसून घ्या, आणि पाण्यात विरघळवून गाळून घेतलात तर उत्तम, खडा दाताखाली येत नाही. दुसरीकडे दीड कप कणीक, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा सोडा, चिमूट मीठ, अर्धा छोटा चमचा दालचिनी. एकत्र करा, मूठभर अक्रोड किंवा भाजलेल्या शेंगदाण्याची भरड घाला, लांबट भांड्यात १७० अंशांवर पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं. गुळामुळे वरून लवकर काळा दिसायला लागतो. तो जळलेला नाही, रंगच तसा. फार वाटलं तर शेवटची पंधरा मिनिटं वरून फॉइल झाका.

केक फार भुसभुशीत होऊन सुटत असेल तर जवस. मोठा चमचाभर जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवली की बुळबुळीत होते, अंड्याच्या पांढऱ्यासारखी. ती एका अंड्याची जागा घेते. आमच्या ऑफिसातल्या लातूरच्या मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आम्ही जवसाची चटणी खातो, तुम्ही केक खा." पण भाजलेली जवस चालत नाही, कच्चीच दळायची, आणि ताजी. महिनाभर डब्यात पडलेल्या पुडीला खवट वास येतो आणि तो भाजल्यावरही जात नाही.

हा केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. डब्याला म्हणून तो रविवारी रात्री करून ठेवते.

धोंडस

कोकणात पावसाळ्यात मोठमोठी तवशी, म्हणजे जाडजूड काकड्या, निघतात, त्यांचा हा केक. कुणी तवसाळी म्हणतं, कुणी तवसोळी. यात सोडा नाही, मैदा नाही, फुगवण्याचा प्रश्नच नाही. ओलसर आणि जड असतो, तसाच हवा.

डोंबिवलीत तवसं भाद्रपदात कोकणातून आलेल्या बायकांकडे मिळतं. नाहीच मिळालं तर जून, जाड सालीची काकडी घ्या. दोन्ही टोकं कापून चाखून बघा. कडू असेल तर सगळं वाया, ही चूक शेवटी सुधारत नाही. साल आणि बिया काढून किसा. दोन कप कीस हवा, आणि त्याचं पाणी टाकायचं नाही, ते पाणीच सगळं काम करतं.

एक कप तांदळाचा रवा (इडली रवा चालतो) दोन चमचे खोबरेल तेलावर मंद आचेवर खमंग भाजा. सासूबाई तूप घ्यायच्या, आता ह्या घरात नाही. रवा बाजूला काढून त्याच कढईत कीस, पाऊण ते एक कप चिरलेला गूळ, अर्धा कप ओलं खोबरं आणि मीठ घालून गूळ विरघळेपर्यंत उकळा. इथे खोबरेल तेलाचा वास काकडीच्या वासात मिसळतो आणि सासूबाई आतल्या खोलीतून उठून येतात. मग रवा थोडा थोडा घालत ढवळा, झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ द्या. मिश्रण शिऱ्यापेक्षा सैल राहायला हवं, घट्ट वाटलं तर अर्धा कप नारळाचं पातळ दूध घाला. वेलची, काजूचे तुकडे. गॅस बंद करून अर्धा तास झाकून ठेवा, म्हणजे रवा फुगतो. ही पायरी गाळली तर धोंडस दाताखाली कचकच लागतं.

तेल लावलेल्या भांड्यात दाबून, वरून सारखं करून १८० अंशांवर पंचेचाळीस मिनिटं, कडा तांबूस होऊन भांड्यापासून सुटेपर्यंत. गावाला हे पितळी पातेल्यात व्हायचं, खाली चूल आणि वर झाकणावर निखारे. ओटीजीत खालचा-वरचा दोन्ही रॉड लावला की साधारण तेच. पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचं नाही. इथे माझा आणि नवऱ्याचा दर वर्षी वाद होतो, आणि दर वर्षी एक कोपरा फुटलेला असतो.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाचा कुकर घ्या. झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढा. तळाला दीड कप मीठ पसरा, त्यावर छोटी जाळी किंवा उलटी वाटी, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. केकचं भांडं कुकरच्या भिंतींना लागता कामा नये. आच अगदी मंद, आणि चॉकलेट केकला चाळीस ते पन्नास मिनिटं धरा. वरून तो तांबूस होत नाही, तेवढं मान्य करा. ते मीठ टाकू नका, बरणीत भरून ‘केक’ अशी चिठ्ठी लावा. आमच्याकडे चिठ्ठी नव्हती तेव्हा ते एकदा आमटीत गेलं.

स्मूदी, म्हणजे सकाळची धावपळ

सकाळी माझी लोकल, नवऱ्याची लोकल आणि धाकटीची शाळेची व्हॅन, सगळं वीस मिनिटांच्या फरकाने. तिला पोहे-उपमा सकाळी गिळवत नाही. ग्लासभर स्मूदी मात्र ती व्हॅनचा हॉर्न वाजेपर्यंत संपवते.

इथेही नक्कल नकोच. दाटपणा दुधातून येत नाही, फळातून येतो. दोन ग्लासांना दीड कप फळ, कपभर पातळ काहीतरी आणि थोडं स्निग्ध. स्निग्ध विसरलात तर ते सरबत होतं. काजू, शेंगदाणे, तीळ, ओलं खोबरं, काहीही चालेल. आणि कणभर मीठ, त्याने गोडी वर येते आणि साखर लागत नाही.

नारळाचं दूध मी शनिवारी काढते. एका नारळाचा चव (खवलेलं खोबरं), दीड कप कोमट पाणी, मिक्सरमधून दोन मिनिटं, मलमलच्या कापडात घट्ट पिळायचं. हे पहिलं दाट दूध. उरलेल्या चोथ्यात कपभर पाणी घालून पुन्हा, ते पातळ. पाणी कोमटच हवं: गार पाण्यात स्निग्धता सुटत नाही, आणि उकळत्यात हात भाजतो. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं, वर साय आल्यासारखा थर धरतो, ढवळला की मिसळतो. चोथा केळ्याच्या केकात ढकलते.

सगळ्यात स्वस्त म्हणजे शेंगदाण्याचं. अर्धा कप कच्चे दाणे रात्रभर भिजवा, सकाळी चोळून सालं काढा, तीन कप पाण्याबरोबर अगदी बारीक वाटून गाळा आणि सतत ढवळत पाच-सात मिनिटं उकळा. उकळल्याशिवाय कच्चा वास जात नाही. हे लगेच उतू जातं, गायी-म्हशींच्या दुधाने निदान आधी इशारा दिला असता. काजूचं तर गाळायलाही लागत नाही: पंधरा-सोळा काजू अर्धा तास भिजवून कपभर पाण्यात वाटले की झालं. महाग पडतं, म्हणून तुकडा काजू आणते.

केळी पिकून उतू आली की सोलून चकत्या करते, ताटलीत एकमेकींना न चिकटवता फ्रीझरमध्ये ठेवते आणि कडक झाल्या की डब्यात भरते. आधीच डब्यात भरल्या तर विटेसारखा एकच गोळा होतो आणि मग वरवंटा शोधावा लागतो. ह्या गोठलेल्या चकत्यांमुळे बर्फ लागत नाही, आणि बर्फाने येणारा पाणचटपणाही येत नाही.

मिक्सरमध्ये आधी पातळ, मग मऊ फळ, मग गोठलेलं. उलटं केलंत तर पातं नुसतं फिरतं आणि मोटार तापते.

आमच्याकडे नेहमी होतात त्या सांगते. केळं, दोन मोठे चमचे भाजलेले दाणे, दोन बिनबियांचे खजूर आणि पाणी. ही रोजची, हिला दूधही लागत नाही, दाणेच दूध होतात. हिवाळ्यात चिकू. घोलवड-डहाणूकडचे आले की चार चिकू, पाच-सहा भिजवलेले काजू, कपभर पाणी, चिमूटभर जायफळ. चिकूच्या बिया मोजून काढा, एकेका बीला आकडा असतो, तो घशात गेला तर पंचाईत. मे महिन्यात हापूसचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवते. जुलैत बाहेर धो धो पाऊस असताना आंब्याच्या सहा वड्या आणि नारळाचं दाट दूध फिरवलं, वर केशराची काडी टाकली, की पुतण्या पुण्याहून फोन करून विचारतो, "काकू, माझ्यासाठी ठेवलंय का?" पालकाचीही होते, आठ-दहा पानं, कपभर अननस, अर्धं केळं, आल्याचा तुकडा आणि पाणी. रंग बघून धाकटीने नाक मुरडलं होतं. आता ती स्टीलच्या झाकणाच्या ग्लासातून पिते, रंग दिसत नाही, प्रश्न मिटला. कलिंगडाची स्मूदी करू नका, त्याची फोडच खा.

परीक्षेच्या दिवसांत नाचणीची. रात्री दोन चमचे नाचणीचं सत्त्व कपभर गार पाण्यात कालवून, ढवळत पाच मिनिटं शिजवून गार करत ठेवते. कच्चं सत्त्व मिक्सरमध्ये टाकायचं नाही, घशाला पिठूळ लागतं. सकाळी त्यात केळं, दोन खजूर, चमचाभर भाजलेले तीळ. ही इतकी दाट होते की चमच्याने खावी लागते, आणि दहा वाजेपर्यंत भूक लागत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण मला ती उशिरा कळली. घरी काढलेलं काजूचं किंवा नारळाचं दूध दिसायला दुधासारखं असलं तरी पोषणात ते दुधाची जागा घेत नाही. कॅल्शियम फारच कमी, आणि बी-१२ जवळजवळ नाहीच. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या दुधात १२०च्या आसपास. पण आपण चमचे दोन घालतो, आणि त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. म्हणून धाकटीचं काय, किती, हे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी ठरवून दिलंय आणि पुतण्याला मी बी-१२च्या गोळ्यांची आठवण दर रविवारी फोनवर करते. घरात कुणाला शेंगदाण्याची किंवा काजूची ॲलर्जी असेल तर वरच्या निम्म्या गोष्टी तुमच्या कामाच्या नाहीत, तेव्हा नारळ आणि तीळ डॉक्टरांना विचारून.

केक बाहेर डब्यात दोन दिवस राहतो, पावसाळ्यात एकच. धोंडस फ्रीजमध्ये चार दिवस, खाताना तव्यावर झाकण ठेवून गरम करायचं. चॉकलेट केक तिसऱ्या दिवशी कोरडा पडला तर कुस्करून त्यात वाटलेले खजूर आणि थोडं नारळाचं दूध घालते, लाडू वळते, सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवते. पुतण्या येतो तेव्हा ते डबा भरून पुण्याला नेतो. माझे तीन डबे सध्या तिकडे आहेत.